सत्यघटनेचा थरार आणि प्रेक्षकाची जागा : खैरलांजीच्या निमित्ताने

चित्रपट सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या पाट्या प्रेक्षक सहसा वाचत नाही. त्या वेळी तो अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. तरीही कलाकृती आणि वास्तव यांच्या नात्याविषयीचे दोन परस्परविरोधी सिद्धान्त या पाट्यांमध्ये दडलेले असतात. 'सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत' ही पहिली पाटी आणि 'सत्यघटनेवर आधारित' ही दुसरी. पहिली वकिलाने लिहिलेली असते, दुसरी वितरकाने. पहिली प्रेक्षकाला सांगते की समोर दिसेल त्याचा कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध जोडू नये. दुसरी सांगते की तो संबंध जोडण्यासाठीच तिकीट काढावे. एकाच चित्रपटात या दोन्ही पाट्या एकापाठोपाठ येतात तेव्हा त्या विसंगतीचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. थरारपट नावाच्या प्रकाराला मात्र या विसंगतीवरच उभे राहावे लागते.

पहिल्या पाटीचा जन्म एका प्रेक्षकाच्या तक्रारीतून झाला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९३२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने रास्पुतिनच्या अखेरीवर चित्रपट काढला. त्यातील एका स्त्रीपात्रात आपलेच आणि तेही बदनामीकारक चित्रण झाले आहे, अशी फिर्याद राजकन्या इरिना युसुपॉव्ह यांनी इंग्लंडच्या न्यायालयात गुदरली आणि १९३४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर काल्पनिकतेची ग्वाही देणारी पाटी जगभर रूढ झाली. म्हणजे ज्या प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला, त्याने चित्रपटसृष्टीला ही सावधगिरी शिकवली. समीक्षेने मात्र या प्रेक्षकाचा विचार फारसा केला नाही. रसिक, सहृदय, आस्वादक, वाचक अशी जी नामावली मराठी समीक्षेत वापरली जाते तिच्यात 'ज्याच्यावर ते गुदरले तो' या माणसाला जागा नाही.

वस्तुतः भारतीय नाट्यविचाराचा आरंभच या माणसापासून होतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथा सर्वपरिचित असली तरी तिच्याकडे प्रेक्षक-प्रतिसादाची कथा म्हणून पाहिले गेलेले नाही. इंद्राच्या ध्वजोत्सवात भरतमुनींनी पहिला नाट्यप्रयोग केला. त्याचा विषय होता देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. देव प्रसन्न झाले, त्यांनी नटांना भेटी दिल्या. पण त्याच सभेत पराभूत दैत्यही बसलेले होते. विरूपाक्षाच्या चिथावणीने विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले. तो दंड जर्जर म्हणून पुढे रंगभूमीवर पूजला जाऊ लागला. त्रास थांबला नाही म्हणून विश्वकर्म्याकडून बंदिस्त नाट्यगृह बांधवून घेतले गेले. आणि अखेरीस ब्रह्मदेवाने दैत्यांशी सामोपचाराचे बोलणे केले: नाट्य हे केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे नसून साऱ्या त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन आहे.

या कथेत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. सत्यघटना म्हणून सादर झालेला प्रयोग, एकाच घटनेतील दोन पक्षांचे एकाच प्रेक्षागृहात असणे, आणि त्यांच्या प्रतिक्रियांतील अंतर मिटवण्यासाठी योजलेले उपाय. काठी, भिंत आणि सिद्धान्त असा त्या उपायांचा क्रम आहे. पुढील दोन हजार वर्षांत यांत चौथ्याची भर पडली असे म्हणणे कठीण आहे. पोलीस बंदोबस्त, परिनिरीक्षण मंडळ आणि 'कला ही सर्वांची असते' हे विधान ही त्यांचीच आजची रूपे होत. विरूपाक्षाचे समाधान झाले का, याविषयी ग्रंथ फारसे बोलत नाही.

ग्रीकांकडील दाखला याहून बोलका आहे. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस नगर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकस या नाटककाराने त्यावर नाटक रचले. प्रयोगाच्या वेळी सारे अथेनियन प्रेक्षागृह रडू लागले. हेरोडोटस सांगतो की आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल नाटककाराला १००० द्राख्मांचा दंड झाला आणि ते नाटक पुन्हा करण्यास बंदी घालण्यात आली. पुढे इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये एस्किलसने 'पर्शियन्स' हे नाटक सादर केले. सलामिसच्या लढाईला तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. नाटकात शोक होता तो हरलेल्या शत्रूचा. त्याला पहिले पारितोषिक मिळाले. दोन्ही नाटके सत्यघटनांवरची, दोन्ही शोकात्म आणि प्रेक्षक एकाच नगरीचे. अंतर एवढेच की पहिल्यातील जखम प्रेक्षकाची स्वतःची होती. करुणेला थोडे अंतर लागते, हे ऍरिस्टॉटलने सांगण्यापूर्वी अथेन्सच्या दंडाने सांगून ठेवले होते.

अभिनवगुप्तांनी या अंतराला नेमके नाव दिले. रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने अभिनवभारतीत सांगितली आहेत, त्यांत एक विघ्न आहे ते स्थळकाळाच्या विशेषात अडकण्याचे: हे माझे आहे किंवा हे त्या परक्याचे आहे, अशी जाणीव उरली की रस नाही. दुसरे आहे ते स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होण्याचे. भट्टनायकांच्या साधारणीकरणाच्या कल्पनेतून ही मांडणी आली आणि मराठी समीक्षेने ती कधी आदराने तर कधी विरोधाने स्वीकारली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार कसा हेलकावत राहतो ते दाखवून दिले. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) यांनी तर साधारणीकरण म्हणजे कोणाचे साधारण, असा प्रश्नच उपस्थित केला. सत्यघटनेवरचा थरारपट हा या वादाचा कस पाहणारा प्रकार आहे. कारण 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी अभिनवगुप्तांच्या त्या विघ्नालाच भांडवल करते. हे अमुक गावी, अमुक तारखेला, अमुक माणसाचे घडले, असे ती सांगते आणि मग प्रेक्षकाने रसास्वाद घ्यावा अशी अपेक्षा ठेवते.

महाराष्ट्रात या प्रकाराची पूर्वपीठिका मुंबईच्या नानावटी खटल्यापर्यंत मागे नेता येते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने नानावटींची बाजू अशी लावून धरली की खटला हेच एक लोकनाट्य झाले. पारशी समाज एका बाजूला आणि सिंधी समाज दुसऱ्या बाजूला अशी प्रेक्षकांची विभागणी झाली. माफीच्या वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही सोबतच माफी देण्यात आली, म्हणजे शासनालाही दोन्ही प्रेक्षकवर्गांची मर्जी राखावीशी वाटली. मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' हे नाटक, 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३), गुलजारांचा 'अचानक' (१९७३) आणि बऱ्याच काळाने आलेला 'रुस्तम' (२०१६) या साऱ्यांची वंशावळ त्या एका खटल्यात आहे. 'रुस्तम'मध्ये नायकाला देशभक्तीचे कवच चढवण्यात आले. मूळ घटनेशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध होता त्यांची पिढी सरली की सत्यघटना किती आज्ञाधारक होते, याचा हा नमुना म्हणता येईल.

मराठीत १९८१ साली अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' आला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथील हत्यासत्र हा त्याचा आधार आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर राजदत्त यांनी 'माफीचा साक्षीदार' (१९८६) काढला. या दोहोंच्या प्रतिसादातील एक भेद लक्षणीय आहे. पुण्यातील हत्या १९७६-७७ सालच्या. आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. मारले गेलेले मध्यमवर्गीय गृहस्थ. त्या दिवसांत संध्याकाळी दारे लावून बसलेले पुणे हाच त्या चित्रपटाचा प्रेक्षक होता, आणि त्याने पडद्यावर स्वतःचीच भीती पुन्हा एकदा पाहिली. 'आक्रीत'चा प्रेक्षक मात्र मानवतचा नव्हता. गुप्तधन, नरबळी, अपत्यप्राप्ती या गोष्टी तो दूरच्या, अंधाऱ्या मुलखातील आक्रीत म्हणून पाहत होता; शीर्षकातील शब्दच ते अंतर बोलून दाखवतो. तेंडुलकरांची पटकथा हे अंतर पुसण्याचा प्रयत्न करते. ते पुसले गेले, असे म्हणवत नाही.

न्यायालयाच्या पायरीवर आलेले दोन चित्रपट येथे जोडून घेतले पाहिजेत. शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन'ला (१९९४) आक्षेप दोन बाजूंनी आला. जिच्यावर तो बेतला होता त्या फूलनदेवीने स्वतःच दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दाद मागितली. आणि चित्रपटातील खलपात्र ज्या गुज्जर समाजाचे दाखवले होते त्या समाजातील एका गृहस्थाने आपल्या समाजाची बदनामी झाल्याची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दुसरी तक्रार फेटाळून प्रदर्शनाचा मार्ग मोकळा केला. विरूपाक्ष आणि मिलेटसचा नागरिक दोघेही एकाच चित्रपटाच्या दारात उभे होते. अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे'ची गोष्ट निराळी. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपींनी, निकालापूर्वीच चित्रपटाने आम्हाला दोषी ठरवले आहे, असे म्हटले. २००४ साली लोकार्नोला दाखवला गेलेला हा चित्रपट विशेष टाडा न्यायालयाचे निकाल येऊ लागल्यावरच, ९ फेब्रुवारी २००७ रोजी चित्रपटगृहांत पोहोचला.

ते निकाल २००६ च्या सप्टेंबरमध्ये येऊ लागले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी या गावी, भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार केले. प्रेते कालव्यात सापडली. भोतमांगे कुटुंब बौद्ध होते; गावात बौद्धांची घरे मोजकी होती. शेतातून जाणाऱ्या वाटेचा जुना वाद होता. त्याच महिन्यात शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती आणि त्या प्रकरणात भोतमांगे मायलेकींनी साक्ष दिली होती. अटक झालेले लोक २९ तारखेलाच जामिनावर सुटले आणि संध्याकाळी हे घडले. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला विजयादशमी होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. खैरलांजीची बातमी त्यांच्यातील बहुतेकांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

बातमी पोहोचली ती आधी एका ठरीव कथेच्या रूपाने: अनैतिक संबंध आणि त्यातून संतापलेले गाव. वस्तुशोधन समित्यांचे अहवाल आणि कार्यकर्त्यांचे प्रयत्न यांतून ही कथा मोडून दुसरी उभी राहण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती आणि इतरत्र लोक रस्त्यावर आले, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचा संशय बोलून दाखवला. म्हणजे चित्रपट निघण्याच्या कितीतरी आधी खैरलांजीच्या तीन संहिता तयार होत्या: व्यभिचारकथा, जातीय अत्याचाराची कथा आणि कटकथा. चित्रपटगृहात येणारा प्रेक्षक यांपैकी एक घरून घेऊनच येणार होता. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षाक्षितिज म्हणतो ते येथे पुस्तकी राहत नाही. बाजाराच्या गावी, एसटीच्या थांब्यावर, कचेरीच्या आवारात ते वर्षानुवर्षे घडत आलेले असते.

चौथी संहिता न्यायालयाने लिहिली. भंडारा येथील विशेष न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले; २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्याला लागू होत नाही, आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार सिद्ध होत नाही, असेही त्याच निकालात होते. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा कमी करून आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. हत्यांमागे सूडाची भावना होती, जात नव्हती, हा अर्थ तेथेही कायम राहिला. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या साऱ्या प्रक्रियेची जी चिकित्सा केली, तिचा भर नेमका या अर्थनिर्णयावर आहे.

साहित्यप्रकारांच्या भाषेत बोलायचे तर न्यायालयाने ही घटना सूडकथा म्हणून वाचली. सूडकथेला कर्ता लागतो, हेतू लागतो, आणि हेतू व्यक्तीचा असावा लागतो: जमीन, मारहाण, साक्ष, अटक, जामीन, हल्ला. अशी साखळी जुळली की कथानक पूर्ण होते. जात ही या साखळीतील कडी होऊ शकत नाही. कारण ती कोणत्याही एका दिवशी 'घडत' नाही. ज्या जमिनीवर ती साखळी पडलेली असते ती जमीनच जात असते. बौद्ध स्त्रीने आपल्या शेतातून वाट द्यायला नकार देणे, मुलीला शिकवणे, पोलिसांपुढे उभे राहून आरोपी ओळखणे, यांतील प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने केली असती तर त्याच गावात तिचा अर्थ काय झाला असता, हा प्रश्न पुराव्याच्या कायद्यात बसवणे अवघड आहे. तो कादंबरीत बसतो. थरारपटात बसतो का, हे पाहावे लागेल.

थरारपटाची यंत्रणा न्यायालयाच्या यंत्रणेला फार जवळची आहे. रहस्यपट 'कोणी केले?' हे विचारतो, थरारपट 'आता काय होईल?' हे विचारतो. खैरलांजीच्या बाबतीत दोन्ही प्रश्न निकामी होतात. काय होणार हे प्रेक्षकाला शीर्षक वाचतानाच ठाऊक असते. आणि कोणी केले याचे उत्तर नावांच्या यादीने संपत नाही, कारण भर वस्तीत घडलेल्या गुन्ह्यात 'केले' आणि 'पाहिले' यांच्यामधली रेषा पुसट असते. उरतो तो तिसरा प्रश्न: कोणी पाहिले आणि कोण गप्प बसले? हा प्रश्न पडद्यावरून आला की तो अंधारात बसून पाहणाऱ्या माणसाकडे वळतो. थरारपटाचा सगळा आनंद या गृहीतावर उभा आहे की पाहणे निरुपद्रवी असते. खैरलांजीसारख्या घटनेत पाहणे हाच आरोपाचा एक भाग आहे.

राजू मेश्राम दिग्दर्शित 'खैरलांजीच्या माथ्यावर' हा मराठी चित्रपट २०१४ साली आला. सुरेखा भोतमांगे यांच्या भूमिकेत किशोरी शहाणे होत्या. चित्रपटाची जाहिरात अर्थातच सत्यघटनेच्या नावाने झाली, आणि त्याला विरोध करणारा पहिला महत्त्वाचा प्रेक्षक होता तो त्या घटनेतून मागे उरलेला एकमेव माणूस. भैयालाल भोतमांगे यांनी चित्रपटातील चित्रण सत्याला धरून नसल्याचा आक्षेप घेऊन न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. आरोपी, आरोपींचा समाज, गावाची बदनामी झाली असे म्हणणारे गावकरी यांच्या बाजूने आक्षेप येणे परंपरेला धरून झाले असते. येथे आक्षेप आला तो ज्याच्या दुःखाचा कैवार घेऊन चित्रपट उभा होता त्याच्याकडून.

या आक्षेपाकडे दोन प्रकारांनी पाहण्याचा मोह होतो. एक म्हणजे, दुःखाने विवश झालेल्या माणसाला कलाकृती समजणार नाही. अभिनवगुप्तांचे विघ्न येथे मूर्तिमंत उभे आहे. दुसरा असा की वाचलेल्या माणसाचा शब्द अंतिम. त्याने नाही म्हटले की चित्रपट खोटा. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत आणि दोन्ही त्या माणसाला प्रेक्षक मानत नाहीत; एक त्याला रुग्ण ठरवते, दुसरी देव. वास्तविक भैयालाल यांचा आक्षेप हा समीक्षेचाच एक प्रकार होता, आणि तो कथानकाच्या सत्यतेविषयी होता. घटनेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्यांच्या पत्नीची जी प्रतिमा पसरवली गेली होती तिच्याशी त्यांना आठ वर्षे झगडावे लागले होते. अशा माणसाला पडद्यावरची प्रत्येक चौकट ही आणखी एक जबानी वाटणार. चित्रपटकार ज्याला नाट्यमय प्रसंग म्हणतो, ते साक्षीदाराच्या दृष्टीने शपथेवरचे विधान असते. हे समजायला रसशास्त्राची गरज नाही, पण रसशास्त्राने हे समजून घ्यायला हरकत नव्हती.

भंडाऱ्यातील सर्वसाधारण प्रेक्षकाचे स्थान याहून निराळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला खैरलांजी हे वर्तमानपत्रातील नाव. मोहाडी-तुमसरकडच्या प्रेक्षकाला ते नात्यागोत्याच्या परिघातले गाव. पडद्यावर उच्चारले जाणारे आडनाव ऐकताच विदर्भातील माणूस जात ओळखतो आणि त्या क्षणी प्रेक्षागृह मनातल्या मनात दुभंगते. स्टॅन्ली फिश ज्यांना अर्थ लावणारे समुदाय म्हणतो ते येथे अभ्यासवर्गात जमत नाहीत. ते एकाच रांगेत शेजारी बसतात आणि सकाळी एकाच धानाच्या बांधीवर भेटतात. या जिल्ह्याचा राजकीय इतिहासही त्यांच्या मागे आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातूनच उभे होते आणि पराभूत झाले. त्या पराभवाची आठवण एका वस्तीत अजून जिवंत असते आणि दुसरीत ती कोणाला सांगावीशी वाटत नाही.

येथील प्रेक्षकाचे प्रशिक्षण चित्रपटगृहात झालेले नाही, हेही विसरता येत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत होते, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. पाहुण्यांना नाटकाचे आवतण जाते. घरोघरी रांधणे होते. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाचा शेवट आणि विनोदी पात्राचा धुमाकूळ एकाच रात्री पचवणारा हा प्रेक्षक आहे. त्याला भडकपणाचे वावडे नाही, की सत्याचेही नाही. परंतु त्या नाटकात गावाचे नाव नसते. अन्याय करणारा पाटील कोणत्याही गावचा असू शकतो, त्यामुळे तो आपल्या गावचा नाही असे मानण्याची मोकळीक उरते. ब्रह्मदेवाने विरूपाक्षाला जे सांगितले तेच झाडीपट्टीचा नाटककार आपल्या आयोजक मंडळाला न बोलता सांगत असतो. 'खैरलांजीच्या माथ्यावर' हे शीर्षक ती मोकळीक काढून घेते. त्यातला 'माथा' हा शब्दही दुहेरी आहे: कलंक लागतो तो माथ्यावर, आणि खापर फुटते तेही माथ्यावरच.

याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला, ही गोष्ट तुलनेसाठी मोलाची आहे. 'फँड्री' कोणत्याही एका खटल्यावर आधारलेला नाही. त्यातील गावाला जिल्ह्याचा शिक्का नाही, तारीख नाही, निकालपत्र नाही. तरीही अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड पडद्याच्या दिशेने येतो तेव्हा त्याचा नेम कोणावर आहे याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहत नाही. ज्यांना तो आपल्या हातातून सुटल्यासारखा वाटला आणि ज्यांना तो आपल्या कपाळावर बसल्यासारखा वाटला, ते दोन्ही प्रेक्षक एका वेळी एका चित्रपटगृहात होते, आणि दोघांनीही चित्रपट अखेरपर्यंत पाहिला. काल्पनिकतेने येथे जात पुसली नाही. तिने फक्त जबानीची शपथ काढून घेतली. 'सत्यघटनेवर आधारित' नसलेला चित्रपट जे सत्य सांगू शकला ते सत्यघटनेच्या चित्रपटाला न्यायालयात मांडावे लागले, हा २०१४ सालच्या मराठी चित्रपटाचा इतिहास आहे. त्यावरून काल्पनिकता श्रेष्ठ आणि वृत्तान्त कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा अनुबोधपट नावे, तारखा, चेहरे यांच्यासकट उभा राहतो. तो प्रथम दलित वस्त्यांत दाखवला गेला. ज्यांची गोष्ट होती तेच त्याचे पहिले प्रेक्षक होते. थरारपटाचा व्यवहार नेमका उलट असतो. ज्यांची गोष्ट असते त्यांना तो शेवटी भेटतो, आणि बहुधा वकिलाच्या कार्यालयात.

भैयालाल भोतमांगे यांचे २० जानेवारी २०१७ रोजी नागपूर येथे हृदयविकाराने निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, २०२१ साली, '२०० हल्ला हो' हा हिंदी चित्रपट आला. त्याचा आधार होता १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगरच्या स्त्रियांनी एका गुंडाला ठार केल्याची घटना. त्यातील निवृत्त दलित न्यायाधीशाची भूमिका अमोल पालेकरांनी केली. चाळीस वर्षांपूर्वी 'आक्रीत'चे दिग्दर्शन करणाऱ्या पालेकरांनीच. पुढे २०२४ साली मानवतचे हत्यासत्रही मराठी मालिकेच्या रूपाने पुन्हा अवतरले. ही दोन्ही कथानके चित्रपटगृहात आली नाहीत. ती ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, ज्याच्या त्याच्या सवडीने पाहिली गेली. मानवतचा माणूस, पुण्याचा माणूस, कस्तुरबानगरची स्त्री आणि तिच्या शेजारच्या वस्तीतील गृहस्थ यांनी एकाच अंधारात बसण्याचा प्रसंग आता येत नाही. इंद्राच्या उत्सवात दैत्यांना निदान सभेत बसायला जागा मिळाली होती आणि त्यांची नाराजी नटांना समोरासमोर कळली होती. भंडाऱ्यात धान कापून झाल्यावर मंडई अजूनही भरते, नाटकाचे तंबू पडतात, आणि त्या तंबूत अजून सगळे एकत्र बसतात. तेथे खैरलांजीचे नाव घेतले जात नाही.